आगीच्या जागी कॅमेरा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

घराला लागलेली आग आणि ती विझवणारे जवान यांचे फोटो कसे काढायचे, यावर या वेळी एवढे प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: मागच्या गल्लीत रात्री एका घराला आग लागली, बंब आले तेव्हा मी लांबून फोटो काढले. सगळ्या फोटोंत ज्वाळा पांढऱ्याफटक आल्यात आणि जवान म्हणजे नुसते काळे ठिपके. कॅमेरा ऑटोवर होता. नेमकं सेटिंग काय ठेवायचं?

उत्तर: ऑटोवर कॅमेऱ्याला फ्रेममध्ये काळोखच जास्त दिसतो, मग त्याला वाटतं फोटो अंधारा येतोय म्हणून तो उजेड वाढवत जातो आणि ज्वाळा जळून पांढऱ्या होतात. एकदा पांढऱ्या झाल्या की संपलं, नंतर कॉम्प्युटरवर कितीही ओढाताण करा, तो केशरी रंग परत येत नाही कारण फाइलमध्ये तिथे काही उरलेलंच नसतं. सावलीतलं मात्र बरंच काही वर काढता येतं, रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, न दाबलेली फाइल) असेल तर नक्कीच. म्हणून मोजमाप ज्वाळांचं करायचं आणि काळोख थोडा काळा राहिला तर राहू द्यायचा, रात्रीची आग आहे ती, काळोख असणारच.

सुरुवातीला हे लावून बघा: मॅन्युअल मोड, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड २.८ किंवा तुमच्या लेन्सचं असेल ते सगळ्यात मोठं, शटर १/२५० ते १/५०० सेकंद, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता १६०० ते ३२००. दोन फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत उजेड किती कुठे आहे ते दाखवणारा आलेख, बघा, आणि नुसता पांढरा नको, लाल रंगाचा वेगळा बघा, कारण आगीत सगळ्यात आधी लालच भरून वाहतो. मॅन्युअलची सवय नसेल तर प्रोग्रॅम (P) मोडवर राहा, पण एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमीजास्त करायची सोय) उणे १ ते उणे २ वर न्या. आणि हे एकदा लावून विसरून जायचं काम नाही हां, पाणी पडायला लागलं की आग झपाट्याने बसते, उजेड कमी होतो, मघाचं सेटिंग आता काळं द्यायला लागतं आणि तुम्ही शूट करतच राहिलेले असता, तेव्हा अधूनमधून स्क्रीन बघत जा आणि आयएसओ वर नेत जा, ६४०० ला घाबरू नका, थोडे दाणे आले तरी चालतात पण हललेला चेहरा चालत नाही.

व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवा, ५२०० ते ५६०० केल्विन. ज्वाळेचा उजेड २००० केल्विनच्या आसपास असतो, म्हणजे खूप तांबडा, आणि ऑटो त्याला पांढरा करायच्या मागे लागतं, मग एक फोटो पिवळा, दुसरा निळसर, तिसरा भलताच. दिवसा धुरातून ऊन येतं तेव्हाही हेच होतं, तो तांबूस उजेडच तर हवा असतो आपल्याला.

शटर किती ठेवायचं ते पाण्यावर पण अवलंबून आहे. १/५०० किंवा त्याच्या वर गेलात तर नोझलमधून सुटलेल्या पाण्याचा थेंब न् थेंब वेगळा दिसतो, १/६० ला त्याच पाण्याचा एक सलग पट्टा होतो आणि जोर जास्त जाणवतो, पण तेवढ्यात माणूस हलला तर तो पुसट होणार. मी दोन्ही काढते आणि मग निवडते.

फोकसचं दुखणं वेगळंच. धुरात कॅमेऱ्याला धरायला कडाच मिळत नाही, लेन्स पुढे मागे फिरत बसते. अशा वेळी एकच फोकस पॉइंट निवडा आणि तो जवानाच्या कोटावरच्या चमकत्या पट्टीवर किंवा हेल्मेटच्या कडेवर ठेवा, तिथे काळं आणि उजळ एकमेकांना लागून असतं, लगेच पकडतं.

प्रश्न: फ्लॅश वापरू का? एकदा वापरला तर जवानांच्या अंगावरच्या पट्ट्या एवढ्या चमकल्या की बाकी काही दिसेनाच. बंबावरच्या लाल-निळ्या दिव्यांमुळे पण फोटोत पट्टे येतात.

उत्तर: फ्लॅश शक्यतो नकोच. त्या पट्ट्या रिफ्लेक्टिव्ह असतात, आलेला उजेड जिथून आला तिथेच परत पाठवायचा हेच त्यांचं काम, अंधारात गाडीच्या दिव्यात जवान लांबून दिसावा म्हणून. तुमचा फ्लॅश लेन्सच्या अगदी डोक्यावर, मग तो सगळा उजेड सरळ लेन्समध्येच परत येतो. वर हवेतला धूर आणि पाण्याचे तुषारही पांढरे चमकतात आणि समोर पडदा टांगल्यासारखं होतं. आणि मुख्य म्हणजे अंधारात शिडी चढणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर झगझगीत उजेड मारणं बरोबरच नाही, त्याला पुढची पायरी दिसली पाहिजे, आपला फोटो नंतर.

फोटोत येणाऱ्या त्या लाल-निळ्या पट्ट्यांचं कारण बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक म्हणजे सायलेंट शटर असतं. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि एलईडी दिवे मध्येच लागतात-विझतात, मग अर्धी फ्रेम लाल आणि अर्धी काळी. मेकॅनिकल शटर लावा, बराच त्रास कमी होतो. बाकी ते दिवे तुमच्या उपयोगाचेच आहेत, तीन-चार फोटोंचा बर्स्ट मारला तर एखाद्यात तरी दिवा नेमका चेहऱ्यावर आलेला असतो.

प्रश्न: किती जवळ जायचं? माझ्याकडे ५० एमएमची लेन्स आहे, लांबून काहीच दिसत नाही, आणि दोरी लावायच्या आधी पोचलं तर कुणी अडवत पण नाही.

उत्तर: कुणी अडवत नाही म्हणजे जागा सुरक्षित आहे असं नाही ना, एवढंच की सगळ्यांचे हात आत्ता कामात आहेत. या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते.

इमारतीच्या बाबतीत एक ढोबळ हिशोब अग्निशमन दलंसुद्धा वापरतात, भिंत कोसळू शकेल असं वाटलं की तिच्या उंचीच्या दीडपट अंतर मोकळं ठेवायचं. १० मीटर उंच घर असेल तर १५ मीटर. हे अंतर भिंतीसाठी झालं. घरात गॅसचा सिलिंडर असेल आणि तो आगीत तापला तर आतलं द्रव उकळून टाकी फुटते आणि तुकडे याच्या कितीतरी पुढे जातात, त्यामुळे जवान एकदम मागे सरकायला लागले, ओरडून बोलवायला लागले, तर विचारत बसू नका, त्यांच्या आधी मागे जा. वरून गेलेल्या विजेच्या तारा बघून ठेवा, त्यांच्याखाली कधीच उभं राहायचं नाही.

वारा पाठीवर घ्या. धूर तुमच्याकडे येत असेल तर फोटो कितीही छान दिसत असला तरी जागा बदला. आजकाल घरात सोफा, गाद्या, पडदे सगळं फोमचं आणि प्लास्टिकचं, त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि फोम जळला की हायड्रोजन सायनाइडही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड वाटायला लागलं, मळमळलं, की कॅमेरा बंद करून मोकळ्या हवेत जायचं आणि तिथल्या वैद्यकीय टीमला सांगायचं. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क वायूला अडवत नाही.

धूर बघायला शिका, याने जीवही वाचतो आणि फोटोही मिळतो. खिडकीतून संथ, पातळ धूर येतोय ते वेगळं, आणि गडद काळा, दाट, आतून कुणी ढकलल्यासारखा गुंडाळ्या घेत जोरात बाहेर पडतोय ते वेगळं. दुसऱ्या प्रकारात खोली पेटायच्या बेतात असते, छताजवळचं तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला पोचलं की खोलीतल्या सगळ्या वस्तू जवळजवळ एकदम पेट घेतात, त्यालाच फ्लॅशओव्हर म्हणतात, आणि फोमच्या सामानाने भरलेल्या खोलीत आग लागल्यापासून ५ मिनिटांच्या आतही हे होऊ शकतं. त्या खिडकीच्या समोर आपण नसलं पाहिजे. मग पाणी आत गेलं की काळ्या धुराचा रंग बदलतो, राखाडी, मग पांढरा, कारण पाण्याची वाफ होताना ते साधारण १७०० पट फुगतं आणि वाफेचे लोट त्याच खिडक्यांमधून बाहेर यायला लागतात. हा बदलाचा क्षण पकडा. मात्र पांढऱ्या वाफेने कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट देतो, मघाच्या काळोखाच्या बरोब्बर उलट.

जमिनीवरच्या होज पाइपवर पाय द्यायचा नाही. रिकामा असतो तेव्हा तो चपटा पडलेला असतो, पाणी सोडलं की एका झटक्यात ताठ होतो आणि वळणावर उसळतो, पायात आला तर माणूस आडवाच. शिडीच्या मोठ्या गाडीला बाजूने आधाराचे पाय बाहेर काढावे लागतात, तिच्या अंगाला चिकटून उभे राहू नका. स्वतःची गाडी लांब लावा, हायड्रंटसमोर (बंबाला पाणी घ्यायच्या नळासमोर) तर नाहीच नाही, मागून अजून बंब आणि ॲम्ब्युलन्स यायच्या असतात. अंगात सुती कपडे, पायात जाड तळव्याचे बंद बूट, खाली काचा आणि खिळे असतात.

आणि पोचल्यावर प्रमुख अधिकारी कोण ते बघा, बहुतेक वेळा हेल्मेट किंवा जॅकेट वेगळ्या रंगाचं असतं आणि तो माणूस पाइप धरत नाही, वॉकीटॉकीवर बोलत सगळीकडे नजर ठेवून असतो. तो बोलत असताना मध्ये घुसायचं नाही, त्याचं लक्ष गेलं की कॅमेरा दाखवायचा आणि विचारायचं, मी इथे उभा राहू का? तो म्हणाला तिकडे जा, तर तिकडे जायचं, वाद नाही. ५० एमएमची लेन्स असेल तर जवळ जायच्या ऐवजी मोठ्या दृश्याचा विचार करून फोटो काढा, घर, गाडी, शिडी, खालची माणसं, सगळं एकत्र. पुढे कधी घेता आली तर ७०-२०० एमएमची झूम ही या कामाची लेन्स. ड्रोन मात्र नकोच, वर शिडी फिरत असते, कधी हेलिकॉप्टर असतं, आणि खालच्या अधिकाऱ्याला आणखी एका गोष्टीची काळजी लागते.

प्रश्न: माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. काही होईल का?

उत्तर: होतं की. स्क्रीनवर ज्वाळेवर बोट दाबून धरा, एक्सपोजर लॉक झालं की बोट खाली ओढून उजेड कमी करा. नाइट मोड बंद, तो बऱ्याच फ्रेम एकत्र करतो आणि ज्वाळा आणि माणसं दोन्हीचा चिखल होतो. बोटांनी झूम करू नका, नंतर कापता येतं. लेन्स पुसा, तिच्यावर राख आणि पाणी बसलेलं असतं आणि आपल्याला कळतसुद्धा नाही. आणि हातात मोबाइल असेल तर पहिला फोन अग्निशमन दलाला, दुसऱ्या कुणीतरी केलाच असेल असं धरून चालू नका.

प्रश्न: माझे आगीचे फोटो मला बरे वाटतात, पण खरं सांगायचं तर सगळे सारखेच दिसतात. घर पेटलंय, समोर बंब, बस. वेगळं काय बघायचं?

उत्तर: हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण मला या विषयावर मुळात हेच बोलायचं होतं. या फोटोंमध्ये ज्वाळा ही उजेडाची सोय आहे, विषय म्हणजे तिथे काम करणारी माणसं आणि ज्यांचं ते घर आहे ती माणसं. ज्वाळांच्या मागे लागलात की जवानाची नुसती बाह्यरेखा येते, कामाचा पत्ताच नसतो. आणि काम बघायचं तर ते कळावं लागतं, कोण काय करतंय हे माहीत असेल तर पुढे काय होणार ते आधी कळतं आणि तुम्ही तिथे तयार असता.

म्हणजे बघा, बंब थांबला की सगळे पाइप घेऊन धावत सुटतात असं आपल्याला वाटतं, पण अधिकारी आधी घराला चक्कर मारून बघतो, आग कुठल्या बाजूला आहे, आत कुणी आहे का, विजेचं काय, हे विचारतो. शेजारी एकाच वेळी बोलत असतात, हातवारे करत असतात, आणि तो एकेकाकडे बघून ऐकत असतो. हा फोटो फार कमी लोक काढतात. मग दारापाशी जा, म्हणजे लेन्सने जा हां. आत जायच्या आधी जवान गुडघ्यावर बसतात, मास्क चढवतात, पट्टे ओढून घट्ट करतात, एकमेकांचा कोट, कॉलर, हेल्मेटची कडा तपासतात, कुठे कातडी उघडी राहिली नाही ना. दोघं असतात, एक नोझलवर आणि दुसरा त्याच्या पाठीला लागून, पाइपचा जोर अंगावर घेणारा. नोझलवाल्याचा फोटो सगळे काढतात, मागच्याकडे कुणाचं लक्षच नसतं, त्याचा खांदा, पाय रोवून उभं राहणं, एक हात पुढच्याच्या पाठीवर, सगळी ताकद तिथे दिसते.

आणि बंबाच्या बाजूला पंप चालवणारा असतो त्याला विसरू नका. तो आगीकडे पाठ करून उभा असतो, समोर गेज, लिव्हर, आणि त्या पॅनेलच्या छोट्या दिव्यांचा उजेड खालून त्याच्या चेहऱ्यावर. आत गेलेल्यांना पाणी किती दाबाने मिळणार हे त्याच्या हातात असतं, म्हणून नजर काट्यावर आणि कान रेडिओवर. जागा तुलनेने सुरक्षित, उजेड स्थिर, आणि रिकामा असेल तेव्हा तो स्वतःच बोलतो तुमच्याशी. मला स्वतःला असे फोटो ज्वाळांच्या फोटोंपेक्षा केव्हाही जास्त आवडतात.

सगळ्यात महत्त्वाचं, आग विझली म्हणून घरी निघू नका. गर्दी पांगते तेव्हाच खरं बघण्यासारखं सुरू होतं. जवान बाहेर येतात, मास्क काढतात, आणि मास्कच्या जागी चेहरा स्वच्छ, त्याच्या कडेने काजळी, केस घामाने कपाळाला चिकटलेले, कोटातून वाफा निघत असतात. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत आली की धोक्याची शिट्टी किंवा घंटी वाजायला लागते, ती वाजत असतानाच कुणीतरी दारातून बाहेर येतो आणि बाहेरचा त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. पायरीवर बसून पाणी पितात, काही बोलत नाहीत. मग परत आत, आता भिंती आणि छत फोडून, राख उकरून, कुठे निखारा धुमसतोय का ते बघायला. हे काम तासन् तास चालतं, आणि त्या वेळीही आतली हवा विषारी असते त्यामुळे मास्क लावूनच करावं लागतं, तुम्ही त्यांच्या मागून आत जायचं नाही, दारातूनच काढा. आणि याच वेळेत जवान आतून काय काय घेऊन बाहेर येतात ते बघा, कपाटातली कागदपत्रांची पिशवी, भिंतीवरची तसबीर, पिंजऱ्यातला पक्षी.

अजून एक सांगून ठेवते. जवानाच्या अंगावर एक छोटं यंत्र असतं, तो साधारण अर्धा मिनिट हललाच नाही तर ते कर्कश वाजायला लागतं. कधीकधी नुसतं उभं राहिल्यानेही वाजतं आणि लगेच बंद होतं. पण वाजतच राहिलं आणि सगळे एकदम त्या दिशेला वळले, तर त्यांचा माणूस आत अडकलाय. तेव्हा वाट सोडा, मागे व्हा, कुणाला काही विचारू नका.

प्रश्न: घरातली बाई रस्त्यात बसून रडत होती. मी फोटो काढला, घरी येऊन बघितला आणि आता तो कुठे टाकावासा वाटत नाही. काढायलाच नको होता का?

उत्तर: काढला यात काही चुकलं असं मला वाटत नाही, आणि टाकावासा वाटत नाही हे अगदी योग्य वाटतंय. काढणं आणि छापणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, पहिला घाईत घ्यावा लागतो, दुसऱ्याला वेळ असतो, तो वेळ घ्या.

या विषयात सगळ्यांनी विचार करावा असा एक फोटो आहे. २२ जुलै १९७५, अमेरिकेतलं बॉस्टन, राहत्या इमारतीला आग लागलेली. स्टॅनली फोरमन हा वृत्तपत्राचा फोटोग्राफर तिथे पोचला. वरच्या लोखंडी फायर एस्केपवर, म्हणजे आगीत सुटकेसाठी इमारतीच्या बाहेरून बसवलेल्या जिन्यावर, १९ वर्षांची एक तरुणी आणि २ वर्षांची एक मुलगी, सोबत जवान, शिडी त्यांच्यापर्यंत पोचतच होती. फोरमन सुटकेचे फोटो काढत होता, आणि तेवढ्यात तो फायर एस्केपच तुटला. जवान एका हाताने शिडीला लटकून वाचला, त्या दोघी खाली पडल्या, तरुणी गेली, मुलगी वाचली. फोरमनने पडतानाचे फोटो काढले आणि शेवटच्या क्षणी मान वळवली, जमिनीवर आदळताना त्याला बघायचं नव्हतं. १९७६ चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मोठं पारितोषिक, त्या फोटोला मिळालं. छापल्याबद्दल वाचकांनी वर्तमानपत्रांना खूप सुनावलं, पण त्याच फोटोमुळे फायर एस्केपच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

दुसरं उदाहरण १९८९ च्या पुलित्झरचं, रॉन ओल्शवांगर. हा माणूस व्यावसायिक फोटोग्राफर नव्हताच, हौशी, अग्निशमन दलाच्या कामाची आवड असलेला. अमेरिकेतल्याच सेंट लुइस शहरात जळत्या घरातून बाहेर काढलेल्या लहान मुलीला तोंडाने श्वास देणारा जवान त्याने टिपला. मुलगी पुढे वाचली नाही. त्या फोटोत ज्वाळा नाहीत, नुसता एक माणूस आणि त्याच्या हातातलं मूल, आणि तरी आगीबद्दल याहून जास्त काय सांगणार?

माझ्यापुरतं मी काही ठरवून टाकलंय. मृत किंवा जखमी माणसाचा ओळखू येईल असा चेहरा नाही. लहान मुलांचे चेहरे आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीत. कुटुंबातल्या लोकांना बातमी माझ्या फोटोतून कळता कामा नये, म्हणून त्या जागेवरून लगेच काहीही टाकायचं नाही, लाइव्ह तर नाहीच. कुणी हात वर करून नको म्हणालं की कॅमेरा खाली. जळालेल्या घराच्या आतली खाजगी जागा, बिछाना, कपाट, उघडे पडलेले कपडे, हे त्या घराचं आहे. तुमच्या बाबतीत, काही दिवस जाऊ द्या, मग त्या बाईंना किंवा त्यांच्या घरच्यांना फोटो दाखवा आणि विचारा. नको म्हणाल्या तर तो फोटो तुमच्याकडेच ठेवा. हो म्हणाल्या तर एक प्रत त्यांना पण द्या.

प्रश्न: चौकशी करणाऱ्यांनी माझ्याकडे फोटो मागितले. कोणते देऊ? थोडे एडिट केलेत.

उत्तर: सगळे द्या, मूळ फाइली जशाच्या तशा, हललेले आणि फसलेलेसुद्धा. त्यांना सुंदर फोटो नकोय, त्यांना बघायचंय की पहिल्या काही मिनिटांत धूर कुठल्या खिडकीतून येत होता, कुठल्या रंगाचा, छत कधी खाली आलं, कुठलं दार उघडं होतं. म्हणून कॅमेऱ्यातली वेळ बरोबर आहे का हे आजच तपासा, फाइलसोबत ती वेळ जाते आणि घटनाक्रम लावायला तीच कामाला येते. पोचल्या पोचल्या एक रुंद फोटो घराच्या प्रत्येक दिसणाऱ्या बाजूचा काढून ठेवावा, आणि एक जमलेल्या गर्दीचाही, मुद्दाम लावलेल्या आगीचा संशय असेल तर तोही बघतात.

एडिटिंगचं म्हणाल तर उजेड कमीजास्त करणं, कडा कापणं ठीक. ज्वाळांचा रंग भडक करणं, धूर वाढवणं, मध्ये आलेला माणूस पुसून टाकणं हे घटनेच्या फोटोत करायचंच नाही. आणि फोटोखाली आगीचं कारण लिहू नका, शॉर्टसर्किट असं शेजारी सांगतात, ते पुढे भलतंच निघतं आणि दोष उगाच कुणावर तरी बसतो.

प्रश्न: आगीवरून आल्यापासून कॅमेऱ्याला वास येतोय आणि एक बटण अडकतंय. आणि दुसरं, रोज कुठे आग लागत नाही, मग सराव कसा करायचा?

उत्तर: वासाकडे दुर्लक्ष करू नका. पीव्हीसी, म्हणजे वायरींचं आवरण, पाइप वगैरे जळलं की हायड्रोजन क्लोराइड तयार होतो आणि ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल बनतं, ते धातूच्या कॉन्टॅक्टना खातं. त्याच दिवशी बॉडी आणि लेन्स बाहेरून किंचित ओलसर कापडाने पुसा, मग कोरड्याने, काजळी आधी ब्लोअरने उडवा, घासू नका, ती काचेवर ओरखडे पाडते. लेन्सच्या पुढे यूव्ही फिल्टर (वरून बसवायची साधी काच) असेल तर मार तो खातो. तिथे असताना लेन्स बदलायची नाही, राख थेट सेन्सरवर जाते. अंगावरचे कपडे आणि पिशवी वेगळी धुवा. बटण अडकत असेल तर स्वतः उघडू नका, सर्व्हिसला द्या आणि धुरात होता हे स्पष्ट सांगा.

सरावासाठी जवळच्या अग्निशमन केंद्रात जा, दिवसा, रिकाम्या वेळी, आणि ड्रिल कधी असते ते विचारा. शिडीचं, पाइप जोडायचं, मास्क चढवायचं प्रात्यक्षिक ते नेहमी करत असतात, काही ठिकाणी सरावासाठी खरी आग लावूनही करतात, आणि परवानगी घेऊन तिथे फोटो काढता येतात. कुणाचा जीव टांगणीला नाही, त्यामुळे तेच काम परत परत बघता येतं, शटर बदलून बघता येतं, पाइपमध्ये पाणी येताना आवाज कसा होतो, कुठला इशारा कशासाठी, हे कळतं. फोटो काढलेत की प्रिंट करून केंद्रात नेऊन द्या, मोबाइलवर नुसते पाठवू नका. पुढच्या वेळी रस्त्यावर भेटलात तर ते तुम्हाला चेहऱ्याने ओळखतात आणि कुठे उभं राहायचं ते स्वतःहून सांगतात.